पुणे ते नागपूर, एका दिवसात, आईला घेऊन

नागपूरच्या मावशीचं सहस्रचंद्रदर्शन रविवारी, २३ नोव्हेंबर २०२५ ला ठरलं. गणपती उठले आणि दुसऱ्याच दिवशी आईने जाहीर केलं, "मी जाणार. कसं न्यायचं ते तुम्ही बघा."

आई चौऱ्याहत्तर वर्षांची. दोन्ही गुडघे बदललेले. घरात, सोसायटीत, भाजीला व्यवस्थित फिरते. पण दीड तासाच्या वर एका जागी बसली की पाय आखडतात आणि मग उठायला वेळ लागतो. रात्रीच्या रेल्वेने जायचं म्हणजे डब्यातल्या संडासाची तिला धास्ती. ऑगस्टमध्ये पुणे-अजनी वंदे भारत सुरू झाली होती, तिचा विचार झाला. पण जवळजवळ बारा तास खुर्चीत, आणि पाय मोकळे करायला डब्यातली अरुंद वाट. विमानाने वेळ वाचला असता, पण मावशीसाठी न्यायच्या सामानाची यादी बघून तो विषय मी काढलाच नाही. त्यात आईने स्वतः वळलेल्या हजार वाती होत्या आणि त्या दाबल्या जाऊन चालणार नव्हत्या.

तेव्हा गाडी. माझी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, चालवायला मी आणि दादा. कोथरूडहून नागपूर सातशे किलोमीटरच्या आसपास. माझी तोवरची मजल कोल्हापूरपर्यंत. दादा तर पहिल्यांदा सरळ नाही म्हणाला. त्याला समृद्धी महामार्ग म्हटलं की १ जुलै २०२३ चा तो सिंदखेडराजाजवळचा बसचा अपघात आठवतो, पंचवीस माणसं गेली होती. त्याचं समाधान होईपर्यंत आठवडा गेला आणि त्यातून आमच्या अटी ठरल्या: अंधारात समृद्धीवर असायचं नाही, दोघांनी दीड-दीड तास चालवायचं, वेग शंभरच्या आत. मर्यादा हलक्या वाहनांना मैदानी भागात १२० ची आहे, पण १२० ने जायलाच हवं असं कुठे लिहिलेलं नाही.

कागदपत्रं

लांबचा प्रवास ठरला की आपण आधी हॉटेलं शोधतो. मी म्हणेन आधी डॅशबोर्डचा खण उघडा.

गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची, म्हणजे उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, ती एचएसआरपी, बसवून घेणं भाग. मुदत वाढत वाढत गेल्यामुळे आमच्यासारखे पुष्कळ जण निवांत होते. सप्टेंबरच्या मध्याला ऑनलाइन बुकिंग केलं. आरसीवरचे चॅसिस आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकायचे, आरटीओचा कोड निवडायचा, केंद्र आणि वेळ घ्यायची. चारचाकीला ७४५ रुपये आणि जीएसटी, मिळून ८७९ रुपये १० पैसे. घराजवळच्या केंद्राची तारीख मिळाली १० ऑक्टोबर. सुट्टी टाकून गेले, तर पाटी आलेलीच नव्हती. काउंटरवरचा मुलगा शांतपणे म्हणाला, "मॅडम, मेसेज आल्याशिवाय येऊ नका." मेसेज वेळेचा आला होता, पाटीचा नव्हता. दिवाळी मध्ये पडली आणि काम झालं २९ तारखेला. बसवायला दहा मिनिटं. पुढची, मागची, आणि काचेवर आतून लावायचा स्टिकर, असे तीन नग हातात पडतात ना ते बघून घ्या. स्टिकर द्यायचा राहतो. जुन्या पाट्यांचे स्क्रू गंजलेले असतील तर आधी गॅरेजमध्ये सैल करून न्या, तिथे त्यावरून बराच वेळ जातो.

फास्टॅगची गंमत या पाटीतच अडकली होती. बँकेकडून गाडीच्या पडताळणीसाठी फोटो मागणारा मेसेज आला होता: समोरून, नंबरप्लेट आणि काचेवरचा टॅग दोन्ही दिसतील असा. जुन्या पाटीचा फोटो टाकण्यात अर्थ नव्हता, म्हणून थांबले. नवी पाटी बसल्यावर फोटो चढवला, तो नाकारला गेला. कारण दिलं नाही. हेल्पलाइनवर वीस मिनिटं संगीत ऐकल्यावर कळलं की टॅग नीट दिसत नाही. काचेवर आकाश चमकत होतं. संध्याकाळी, पार्किंगच्या छपराखाली काढलेला फोटो दोन दिवसांत मंजूर झाला. हे निघायच्या आठवड्यात केलं असतं तर धडधड वाढली असती, कारण टॅग बंद झाला तर टोलवर दुप्पट. राष्ट्रीय महामार्गांवर १५ नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने दिलं तर सव्वापट घेत होते, रोख दिलं तर दुप्पटच. रिचार्जही आदल्या दिवशी करून टाका, रांगेत उभं राहून नको. 

तेव्हा तीन हजारांना मिळणाऱ्या फास्टॅगच्या वार्षिक पासबद्दल मला सगळ्यांनी विचारलं. १५ ऑगस्टला आलेला हा पास दोनशे फेऱ्यांचा किंवा एक वर्षाचा, जे आधी संपेल ते. पण तो राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरच चालतो. समृद्धी राज्य रस्ते विकास महामंडळाची आहे, तिथे नेहमीसारखे पैसे कापले जातात. या एका प्रवासासाठी तो घेण्यात काही हशील नव्हतं.

पीयूसी सव्वाशे रुपयांत झाली. विम्याच्या कागदावर रस्त्यात मदतीचं कलम आहे का ते पाहिलं, होतं, त्याचा नंबर दादाच्या फोनमध्येही घातला. दादाचं लायसन्स जानेवारीत संपत होतं. चालू होतं, तरी त्याने लगे हात सारथी या सरकारी संकेतस्थळावरून नूतनीकरणाचा अर्ज केला. चाळिशीनंतर डॉक्टरांच्या सहीचा नमुना १-अ लागतो. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी त्याचं ब्लडप्रेशर बघून सही करण्याआधी दहा मिनिटं झापलं, तो भाग वेगळा. सगळे कागद डिजिलॉकरमध्ये चालतात, तरी मी आरसी आणि विम्याची एक छापील प्रत खणात ठेवली.

टायर

यावर मी नेहमीच्यापेक्षा जास्त वेळ घालवला आणि त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही. समृद्धी सिमेंट काँक्रीटची आहे. त्यावर तासन् तास एका वेगाने गाडी गेली की टायर तापतात, आणि जुना किंवा कमी हवेचा टायर तिथेच दगा देतो. त्यामुळेच आरटीओने तिथे टायर तपासायला सुरुवात केली होती.

टायरच्या बाजूला, डॉट या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटी चार आकडे असतात, लांबट गोलात. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. कधी कधी ही बाजू आतल्या अंगाला येते, मग खाली वाकून मोबाइलच्या टॉर्चने बघावं लागतं. माझ्या मागच्या दोन टायरांवर २२१८ होतं. २०१८ चा बाविसावा आठवडा. नक्षी छान दिसत होती, कारण गाडी फिरते फार कमी. पण बाजूच्या रबरावर केसासारख्या बारीक भेगा पडल्या होत्या. टायरवाला म्हणाला, "शहरात अजून वर्ष काढाल. तिकडे नका नेऊ." दोन नवे टायर, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग धरून साडेअकरा हजार. हवा किती ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं, आणि ती टायर गार असताना भरायची. स्टेपनीतसुद्धा. स्टेपनीत जवळजवळ काहीच हवा नव्हती.

थांबे

माझं सगळं नियोजन खरं तर एकाच प्रश्नाभोवती फिरत होतं: दर दीड तासाला, कमोड असलेलं, स्वच्छ, पायऱ्या नसलेलं स्वच्छतागृह कुठे आहे? नकाशावर उपाहारगृहांना तारे देणारे लोक मिसळीवर निबंध लिहितात आणि याबद्दल अक्षर काढत नाहीत.

मग मी फोन करत सुटले. तीन-चार पेट्रोल पंप, बरीच हॉटेलं. एकाने सांगितलं, "ताई, वेस्टर्न आहे, पण दार नीट लागत नाही." दुसऱ्याने मला वाटलं फोनच ठेवला, तो उठून बघायला गेला होता. परत येऊन म्हणाला, "आहे. पाणी पण आहे. आत्ताच धुतलंय." त्या हॉटेलात आम्ही नाश्ता केला हे सांगायला नकोच. ही चौकशी करायला लाज वाटते, पण घरात म्हातारं माणूस असलेला पलीकडचा प्रत्येक जण लगेच समजून घेतो.

हे करताना एक गोष्ट लक्षात आली. नकाशा बारा तास दाखवतो म्हणून आपण ते मनात सरळ बारा भागांत वाटतो. तसं ते नाही. पुण्याहून छत्रपती संभाजीनगर साधारण २३५ किलोमीटर आणि तिथून नागपूर साडेचारशेच्या घरात. आणि दोन्हींना वेळ लागतो जवळजवळ सारखा. पहिल्या भागात वस्ती, सिग्नल, ट्रॅक्टर, पण जागोजागी थांबता येतं. दुसऱ्या भागात वेग आहे आणि थांबायला जागा मोजक्या. दोन्ही बाजूंना कुंपण, ढाबे नाहीत, कडेला गाडी उभी करायला मनाई आणि ते धोक्याचंही. पेट्रोल पंप आले की तेवढेच. त्यामुळे जेवण, औषधं, पाय मोकळे करणं, जे काय निवांत करायचं ते समृद्धीवर चढण्याआधी, असं ठरलं.

दिशेचाही विचार करा. आपण पूर्वेकडे चाललेलो असतो. सकाळी सात ते नऊ ऊन उजवीकडून, समोरून डोळ्यांत येतं. दुपारी समृद्धीवर ते पाठीमागे जातं. आईची सीट त्यामुळे डावीकडे मागे, ड्रायव्हरच्या तिरपी. पुढची सीट पूर्ण पुढे ओढून ठेवली म्हणजे तिला पाय लांब करता येत होते. डॉक्टरांनी बसल्या बसल्या घोटे वर-खाली करत राहायला सांगितलं होतं. पाठीला चादरीची गुंडाळी, पायाखाली पाट. गाडीत पाट नेलेला बघून वॉचमन हसला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पावणेपाचला निघालो. आईने दह्याची कवडी हातावर ठेवली. नगर रस्ता म्हणजे उजाडल्यावर वाघोलीत अर्धा-पाऊण तास कुठे जातो कळत नाही. आम्ही सव्वापाचला तिथून सहज बाहेर पडलो होतो. या प्रवासात लवकर उठल्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच. पुढे शिक्रापूर. रांजणगावला सहाच्या सुमारास रस्त्यावरूनच महागणपतीला हात जोडले.

अंधारातला खरा त्रास उसाच्या ट्रॉल्यांचा. गाळप हंगाम नोव्हेंबरात सुरू झालेला. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. समोरच्या गाडीच्या उजेडात अचानक हलतं हिरवं काहीतरी दिसतं, आणि ते तुमच्यापासून तीस-चाळीस फुटांवर असतं. दादा चालवत होता. पन्नासच्या वर गेलाच नाही, मागचे हॉर्न वाजवून वाजवून पुढे गेले. आई मागून म्हणाली, "जाऊ दे त्यांना. त्यांच्याकडे वाती नाहीत."

सुप्याजवळ सातला नाश्ता. ते धुतलेलं स्वच्छतागृह खरोखर धुतलेलं होतं. आईने हॉटेलवाल्याला बोलावून तसं सांगितलं, तो एवढा संकोचला की चहाचे पैसे घेईना. घेतले शेवटी.

नगरला बायपास घेतला. पुढे घोडेगाव, शिंगणापूरच्या फाट्याची गर्दी, नेवासा. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली तो पैस खांब नेवाशाला आहे, आईला तिथे जायचं होतं. पण गावात आत जायला-यायला तास गेला असता. "येताना," असं दादा म्हणाला, आणि आई जे समजायचं ते समजली. प्रवरासंगमला मात्र गाडी अगदी हळू घेतली. पुलावर थांबता येत नाही. आईने काच खाली करून गोदावरीत टाकायला रुपया भिरकावला तो कठड्याला लागून रस्त्यावरच पडला. मग दुसरा.

वाळूजच्या औद्योगिक पट्ट्यात शिफ्टच्या बसगाड्या. इथे दोन पर्याय असतात: शहरातून हर्सूलमार्गे सावंगीला जाऊन समृद्धीवर चढायचं, किंवा बाहेरच्या बाजूने माळीवाड्याला. आम्ही शहर टाळलं. दौलताबादचा किल्ला दिसायला लागला की माळीवाडा आलंच. अकराला तिथे पोचलो. प्रवेशाच्या अलीकडे एका झाडाखाली दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही. आईने काठी घेऊन वीस मिनिटं फेऱ्या मारल्या. टाकी पूर्ण भरली. टायरला हात लावून बघितला: गरम, पण चटका बसेल असा नाही.

समृद्धीवर आत जाताना टॅग वाचला जातो, पैसे बाहेर पडताना कापतात. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला तेव्हापासून ऐकून असलेला हा रस्ता मी चालवायला घेतला आणि पहिली पंधरा मिनिटं हात घट्ट धरून होते. नंतर उलट प्रश्न. काही घडतच नाही. वळण नाही, गाव नाही, सिग्नल नाही. लांबवर एक ट्रक, तो जवळ येतो, मागे जातो. जालना गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मधले काही किलोमीटर मला आठवत नाहीत. डोळे उघडे होते, झोप नव्हती, पण लक्ष कुठे होतं कोण जाणे. ही अवस्था ज्याला त्याला येते, आणि ती दीड तासाच्या आतच येते. दादाला सांगितलं, पुढच्याच पंपावर थांबलो आणि त्याने गाडी घेतली. तिथून पुढे तासाची पाळी केली.

आईला मात्र कंटाळा नव्हता. सिंदखेडराजाची पाटी दिसल्यावर जिजाऊंच्या माहेराला नमस्कार झाला. मेहकरनंतर जमीन काळी होत गेली. कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बायका ओळीने, मधे तुरीचे पट्टे. तिच्या माहेरी वऱ्हाडात कापूस वेचायला मजुरी कशी ठरायची ते तिने कारंजा येईपर्यंत सांगितलं. कारंजा-सोहोळच्या अभयारण्याच्या भागात वन्यप्राण्यांना ओलांडायला वरून पूल बांधलेले आहेत, त्यांच्याखालून गाडी जाते. काळवीट दिसलं नाही.

कारंज्याच्या पुढे एका पंपावर अर्धा तास. इथलं स्वच्छतागृह यथातथा होतं. साबण, टिश्यूचा रोल आणि पाण्याची जास्तीची बाटली सोबत ठेवाच. महामार्गाचा मदतीचा नंबर फलकावर असतो, चढतानाच त्याचा फोटो काढून ठेवा. १०३३ हा राष्ट्रीय महामार्गांचा आहे.

पाचला शिवमडक्याला, समृद्धीच्या नागपूरकडच्या टोकाला, बाहेर पडलो. टोल नऊशे रुपयांच्या आसपास. दर किलोमीटरला २ रुपये ६ पैसे. नागपुरात शिरल्यावर पाऊण तास गेला आणि दिवेलागणीला मावशीच्या दारात. आई गाडीतून उतरली ती माझा हात न धरता. मावसभाऊ म्हणाला, "थकले असाल बाप्पा, आधी पाणी घ्या." थकलो होतो आम्ही दोघं. त्या दोघी रात्री बारापर्यंत बोलत होत्या.

खर्च आणि परतीचं

जाताना पेट्रोल साधारण चार हजार दोनशेचं, समृद्धीचा टोल वर दिलाय, रस्त्यात खाणं-पिणं सहाशे. टायर मी यात धरत नाही, ते कधी तरी बदलायचेच होते. तीन माणसांच्या रेल्वे तिकिटांशी तुलना केली तर स्वस्त पडलं असं नाही. आईसाठी थांबायची मुभा हवी होती, तिचे हे पैसे.

परतीला एका दिवसात यायचं नाही असं आधीच ठरलं होतं. दुपारभर ऊन तोंडावर घेऊन पश्चिमेकडे यायचं, आणि शेवटी अंधारात पुन्हा त्याच ट्रॉल्या. मंगळवारी सकाळी निघून संभाजीनगरला मुक्काम केला, बुधवारी दुपारी पुण्यात. वाटेत सिंदखेडराजाला उतरून लखुजी जाधवांचा राजवाडा पाहिला. इंटरचेंजवरून बाहेर पडलं की टोलचा हिशेब तिथे संपतो, परत चढलं की नवा सुरू होतो, वेगळा भुर्दंड काही नाही.

आई आमच्याबरोबर नव्हती. ती महिनाभरासाठी मावशीकडे राहिली आहे. राजवाड्याचे फोटो पाठवल्यावर तिचा फोन आला: "मला 'येताना' म्हणालात, आणि मी नसताना बरे गेलात." नेवाशाला आम्ही थांबलो नाही, ते तिच्यासाठी ठेवलंय. तिला आणायला डिसेंबरात मी जाणार आहे. या वेळी वंदे भारतचं तिकीट काढायचं का, यावर सध्या दादाचं आणि तिचं फोनवर चालू आहे.